विद्यार्थ्याचा गेम

"हा गेम माझ्या विद्यार्थ्याने बनवलाय, बरं का!" नातीच्या मोबाइलमध्ये डोकावत निवृत्त भोयर सर अभिमानाने म्हणाले. शाळा बुडवून व्हिडिओ गेमच्या दुकानात बसणाऱ्या त्या मुलाला त्यांनी एकदा कान धरून वर्गात आणलं होतं आणि बोटं सुजेपर्यंत पट्टीने मारलं होतं. "म्हणूनच सुधारला!"

पडद्यावर शाळेचा लांबलचक व्हरांडा होता. टोकाकडून चष्मा लावलेला एक राक्षस पट्टी आपटत आला. "बोटं पुढे कर," तो म्हणाला.

"आजोबा, हा अगदी तुमच्यासारखा दिसतो!" नात खिदळली.

सरांनी चष्मा काढून ठेवला. "याला हरवायचं कसं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हरवता येतच नाही त्याला. घंटा होईपर्यंत नुसतं बाकाखाली लपून राहायचं."