बुधवारच्या बायका

"सापडलं की आधी नाव सांगा, दुरुस्ती मागाहून," टेटे साहेब अक्राच्या मुख्य कचेरीतून फोनवर म्हणाले. फिलोमिनाने मान डोलावली, जणू त्यांना ती दिसत होती. तो फोन ठेवून तिने लगेच स्वतःचा मोबाइल उलटा करून पाहिला. आईचा निरोप नव्हता. सकाळी ती निघाली तेव्हा बाळाचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

टाकोराडीच्या त्या विमा शाखेत दवाखान्याचा कुठला अर्ज मंजूर करायचा, हे आता माणसं ठरवत नसत. सॉफ्टवेअरमध्ये शेकडो नियम भरून ठेवले होते. अर्ज आला की एकेका नियमाखालून सरकत जाई. त्यात कुठेतरी भोक पडलं होतं. विमाच नसलेल्या बायकांच्या नवजात बाळांचे अर्ज पापणी लवायच्या आत मंजूर होत होते. मुख्य कचेरीला त्यात लाचखोरीचा वास आला होता.

तिने दवाखाने ताडून पाहिले. वेगवेगळे. डॉक्टरही वेगळे. नियमांचा क्रम बदलून पाहिला, एकेक नियम बंद करून खोटे अर्ज सोडून पाहिले. मध्येच पुन्हा मोबाइल. पुन्हा काही नाही. शेजारच्या टेबलावर निवृत्तीला टेकलेले अंकल इबो बसले होते. त्यांच्या पुड्यातली आंबवलेल्या मक्याची केंकी आणि मासळी तशीच होती. पोट बरं नाही का, असं तिने विचारलं, तर उकाडा आहे म्हणाले.

"ज्याने हे केलंय ना अंकल, त्याचं तोंड बघायचंय मला एकदा. कंपनी म्हणजे काय मावशीचं घर आहे, येईल त्याला पान वाढायला?"

"बघशील," अंकल म्हणाले.

शेवटी तिने नुसती आयांची नावं एकाखाली एक लावली. आडनावं सतरा गावची. पण पहिलं नाव सगळ्यांचं एकच, एकुआ. बुधवारी जन्मली ती एकुआ. या किनाऱ्यावर दर सातवी बाई एकुआच. यंत्राला बुधवारच्या बायकांचा लळा लागलाय वाटतं, असं ती म्हणाली. एरवी असल्या बोलण्यावर टेबल बडवून हसणारे अंकल हसले नाहीत.

तिने नियमांत ते नाव शोधलं. अगदी वर, बाकी सगळ्या नियमांच्या डोक्यावर एक नियम बसला होता. बाळाला नाव नसेल आणि आईचं नाव एकुआ असेल, तर मंजूर. पुढचं काही तपासू नये. मुदत घातलेली नव्हती. कुणी लिहिला ते कळायला मार्ग नव्हता, कारण तेव्हा सगळी शाखा एकाच पासवर्डने आत शिरायची. तारीख मात्र होती. गेल्या वर्षीच्या गुड फ्रायडेचा आदला दिवस.

मोबाइल थरथरला.

"एकुआ," पलीकडून आई म्हणाली, "उतरला गं ताप. पेजही प्यायला पोरगा."

ती हं म्हणाली असावी. त्या गुरुवारी ती दवाखान्यात पडून होती. दिवस भरायच्या आधी आलेलं बाळ नळीतून श्वास घेत होतं. घाबरलेल्या आईने नोंदणीत तिचं घरचं नाव सांगितलं. बाळाचं नाव तर आठव्या दिवशी ठेवायचं, म्हणून दवाखान्याने लिहिलं, 'एकुआचं बाळ'. विम्याच्या यादीत होती ती फिलोमिना. अर्ज दोनदा परत आला आणि तिसऱ्यांदा जाताक्षणी मंजूर झाला. बाळ घरी आल्यावर तिने चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली होती, की देवाच्या दारी कागद अडत नाहीत. मागच्या बाकावरून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजल्या होत्या. वळून न बघताही तिला तेव्हा कळलं होतं, त्या अंकलांच्या.

"सुट्टी संपली की तो नियम काढणारच होतो," अंकल इबो हळूच म्हणाले. त्यांची नजर पुड्यावर होती. "तर तेवढ्यात आणखी एकीचं बाळ सुटलं त्यातून. मग हातच होईना. सांगून टाक माझं नाव. माझे तसे राहिलेत किती दिवस."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. तिने आधी तो नियम बंद केला. बोट बटणावर जरा जास्तच रेंगाळलं. मग फोन उचलला.

सापडलं का, असं टेटे साहेबांनी विचारलं. सापडलं आणि बंदही केलं, ती म्हणाली.

"ते ठीक. नाव कुणाचं निघालं?"

अंकलांनी पुडा पिशवीत भरला, चष्म्याचं घर भरलं, आणि ते उभे राहिले. फिलोमिनाने त्यांची बाही धरली आणि त्यांना खाली बसवलं.

"एकुआ, सर," ती म्हणाली. "घरी मला एकुआ म्हणतात."