वाळला की सरळ होतो

मागच्या काचेची चंदेरी पट्टी आजही वाकडी गेली होती. नुसती वाकडी नाही, चांगली काचेवर उतरली होती. तिने ती टीचभर गाडी उजेडात धरली, च् च् केलं आणि घड्याळाकडे पाहिलं. नवरा फिरायला गेला होता. तो बरोबर तासाने परत येई. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, वेळेत मिनिटाचा फरक पडायचा नाही.

काडीचं टोक थिनरमध्ये बुडवून तिने सांडलेला रंग अलगद टिपला. मग सगळ्यात बारीक ब्रश उचलला. हा ब्रश त्याने का आणला होता कोण जाणे. मोजून चार केसांचा ब्रश, आणि याच्या हातात चहाचा कप धड राहत नव्हता. तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा बशीत.

हात कापायला लागले आणि त्याच सुमाराला त्याला हा नाद लागला. डब्यातले सुटे भाग जोडून खऱ्या गाडीच्या चोवीसपट लहान गाडी बनवायची, रंगवायची, तिला तांदळाएवढे आरसे लावायचे. जोडाजोडी तो ठीक करी. बारीक रंगकाम आलं की घोडं पेंड खाई. दाराच्या मुठी बरबटलेल्या, नंबरप्लेट तिरकी.

पहिली गाडी घरात आली तेव्हा ती अंथरुणात होती. आजार म्हणावा असा काही नव्हता. एकतीस वर्षं तिने एका लॅबमध्ये कवळीचे दात रंगवले होते. लोक ज्याला सरसकट पांढरा म्हणतात, त्याच्या सोळा छटा ती नुसत्या नजरेने वेगळ्या करी. मग लॅबमध्ये यंत्र आलं आणि तिला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून आठ महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. केस विंचरायचेही कष्ट वाटत. नवरा स्वयंपाक करी, दोन शब्द बोलून बघे, उत्तर आलं नाही की भांडी घासायला लागे.

एके दिवशी ती पाणी प्यायला उठली आणि टेबलावर एक निळी गाडी दिसली. हेडलाइट इतके बेंगरूळ रंगवलेले की तिला राहवेना. घोटभर पाण्यासाठी उठलेली बाई तासभर टेबलाशी बसली. नवऱ्याने फिरून परत आल्यावर गाडी निरखली आणि तो म्हणाला, "वाळल्यावर बरी दिसते की."

तिने मान डोलावली. त्या दिवशी ती कित्येक महिन्यांनी त्याच्या समोर बसून जेवली.

आताची ही अकरावी गाडी. रंग वाळला की आपोआप सरळ होतो अशी नवऱ्याची ठाम समजूत झाली होती, आणि ती मोडायचा तिला धीर नव्हता. हात गेले तरी गडी खुशीत आहे. आपण केलेलं कळलं तर बिचारा पुन्हा ब्रश उचलायचा नाही, याचीच तिला धास्ती होती.

चष्मेवाले घरी आले आणि पंचाईत झाली. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, शिवाय ते अशा गाड्या जोडणाऱ्यांच्या हौशी मंडळाचे चिटणीस. फडताळातल्या गाड्या बघून ते चाट पडले. वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन होतं, त्यात नंबरही काढायचे होते. नवऱ्याने तिथल्या तिथे अर्ज भरून दिला. प्रदर्शनाचं पत्रक मात्र तिने मागाहून वाचलं, आणि तिचं धाबं दणाणलं. पहिला नंबर येईल त्याने सगळ्यांसमोर अर्धा तास बसून रंगकाम करून दाखवायचं होतं.

"अहो, नको जाऊया," ती म्हणाली. "गर्दी असते. तुम्हाला झेपायचं नाही."

"नाव दिलंय. आता माघार नाही."

"आणि पहिला नंबर आला तर?"

"येऊ दे की. इतकं काय त्यात?"

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, आता सगळं सांगून टाकायचं. चारचौघांत पितळ उघडं पडण्यापेक्षा घरात रडलेलं बरं. ती न्हाणीघराच्या दाराशी गेली. तो आपल्या जुन्या उघड्या वस्तऱ्याने दाढी करत होता.

"अहो, एक सांगायचं होतं."

"संध्याकाळी सांग," तो आरशातून म्हणाला. वस्तरा गळ्यावरून सावकाश वर चालला होता. अशा वेळी माणसाला हादरा देऊ नये म्हणून ती मुकाट्याने मागे फिरली.

हॉल भरला होता. तिची नजर सारखी पुढच्या टेबलाकडे जाई. तिथे दिवा होता, खुर्ची होती, रंगाच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. चष्मेवाल्यांनी माइक घेतला आणि पहिला नंबर चंदेरी पट्टीच्या लाल गाडीचा म्हणून सांगितलं. टाळ्या वाजल्या. तिने नवऱ्याची बाही घट्ट धरली.

"चला घरी. पाया पडते तुमच्या."

त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तो टेबलाकडे निघाला. आता हसतील सगळे. तिला तिथे उभं राहवेना आणि त्याला एकटं टाकून जाताही येईना.

"वहिनी," चष्मेवाले माइकवर म्हणाले, "तुम्ही तिकडे काय करताय? या ना, बसा. अर्ज तुमच्या नावाचा आहे."

लोकांनी वाट करून दिली. ती कशीबशी खुर्चीपर्यंत पोचली आणि बसली. नवऱ्याने दिवा तिच्या बाजूला वळवला, सगळ्यात बारीक ब्रश काढून तिच्या उजव्या हाताशी ठेवला. मग चंदेरी रंगाची बाटली उघडून नखाएवढ्या टोपणात रंग ओतला, अगदी काठोकाठ, आणि ते टोपण दोन बोटांत उचलून तिच्यापुढे आणून ठेवलं. थेंबही सांडला नाही.