वेलांटीची दुरुस्ती

हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या संस्थेत ऊर्मिला संगणकाचं काम बघायची. काल तिनं एका मुलाच्या नावातली चुकलेली वेलांटी सुधारून 'सेव्ह' दाबलं. नोंदीत काहीही बदललं, की घरच्यांना आपोआप 'तुमच्या नोंदीत बदल झाला आहे' असा मेसेज जायचा. ते तिच्या लक्षातच राहिलं नाही.

सकाळी मुलाची आई दारात उभी. सांगोल्याहून पहिल्या एसटीनं आलेली, हातात नवा शर्ट.

"कुठं हाय माझा बिरू?"

ऊर्मिलानं तिला खुर्चीवर बसवलं. "मावशी, बिरू सापडला नाही हो. मी फक्त त्याचं नाव नीट केलं."

आई नुसती शर्टावरून हात फिरवत राहिली. ऊर्मिलाला तिच्याकडे बघवेना. तिनं तिथंच बसून प्रोग्रॅम बदलला.

"आता माणूस सापडला तरच मेसेज जाईल, मावशी. पुन्हा असा हेलपाटा पडणार नाही."

"म्हंजी तवर कायबी यायचं न्हाई?"

"नाही."

आई घाईनं उठली. तिनं ऊर्मिलाचा हात धरला.

"न्हाई ताई, माझं हुतं तसंच ऱ्हाऊ द्या. आज येताना एसटीत मला भूक लागली. लई दिसांनी लागली."