तिसरीचा वर्ग

मुलंच उरली नाहीत, म्हणून आमच्या गावची शाळा बंद पडली. मग टोकियोच्या कलाकार शिओरीबाईंनी तिसरीच्या वर्गात रंग बदलणाऱ्या उजेडाची खोली केली. ती बघायला टोकियोहून गर्दी लोटू लागली. आत एका वेळी सहाच जण, बाकीच्यांनी व्हरांड्यात गुमान उभं राहायचं.

ऐंशी पार केलेले तोमेकिची आजोबा रोज पहिला नंबर लावून आत बसत. पण उजेडाकडे पाठ आणि डोळे दाराच्या फटीला!

शेवटी बाईंना राहवलं नाही. "आजोबा, दोन वर्षं खपून केलेला उजेड तिकडे आहे. तुम्ही बाहेर काय बघता?"



"गृहपाठ राहिला की मास्तर दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या देऊन मला तिथं उभं करायचे, पोरी. आज बघ, अख्खं टोकियो तिथं उभं आहे आणि मी वर्गात बसलोय!"