बारामती का इंदापूर?

फाट्यावरच्या बनाबाईच्या दारात धोंडाबाईच्या दिरानं, महिपतीनं, बैलांना पाणी पाजायला गाडी थांबवली, तशा वस्तीवरच्या बाया गोळा झाल्या. गाडीत धोंडाबाईचा नवरा तापानं फणफणला होता. इथून एक वाट बारामतीला फुटायची, दुसरी इंदापूरला, आणि धोंडाबाईच्या जिवाला थारा नव्हता. नवऱ्याच्या तोंडावरची नजर न काढताच तिनं विचारलं, "बायांनो, तुमच्या मालकास्नी कुठं नेलं हुतं? कुठला डाक्टर बरा?"

"बारामतीचा नगं गं बाई! वसकन अंगावर येतो. सुया टोचून मालकाची पार चाळण केली त्यानं."

"आन् मीठ तोडाया लावलं. आजून बिनमिठाचं रांधतीया मी!"

"इंदापूरचा म्हंजी देवमाणूस," मागून दुसऱ्या दोघी म्हणाल्या. "सुई न्हाय, पथ्य न्हाय. मागतील ते खाऊ घाला म्हनला. लई मायेचा."

"भावजी, इंदापूरलाच घ्या," धोंडाबाई म्हणाली.

महिपतीनं बैल जुंपले. पण दारी आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याबिगर वाटेला लावायची रीत नव्हती. बनाबाईनं लगबगीनं करंडा आणला. "लावा गं समद्याजणी."

बारामतीला नावं ठेवणाऱ्या दोघी पुढं झाल्या. कुंकू लावून घेता घेता धोंडाबाईनं मान वर केली आणि एकदम किंचाळली, "भावजी, बैलं वळवा! बारामतीला चला!"

देवमाणसाचं कौतुक करणाऱ्या दोघी कपाळावर पदर ओढून कधीच मागं सरकल्या होत्या.