कोरी गादी

चर्चमधल्या पापनिवेदनाच्या लाकडी चौकटीतल्या दोन्ही गाद्या गादीवाल्याने उजेडात आणल्या. फादरांच्या खुर्चीवरची कोरी करकरीत होती. जाळीपलीकडच्या, गुडघे टेकायच्या गादीचा मात्र काथ्या बाहेर आला होता.

“फादर, पापं कबूल करायला बरीच गर्दी होत असेल, नाही?”

“पाच वर्षांत कुणी फिरकलं नाही इकडे.”

“मग ही काय उंदरांनी गुडघे टेकून फाडली?”

फादर हसले नाहीत. झग्याची गुडघ्यांवरची विरलेली जागा त्यांनी हाताने झाकली. “मी टेकतो. रोज.”

“आणि जाळीअलीकडे खुर्चीत बसून तुम्हाला क्षमा कोण देतं?”

फादरांनी कोरी गादी उचलली आणि पुन्हा खुर्चीवर नीट ठेवली.

“ही बदलायची गरज नाही.”