खिडकीखालचे डेरे

"पोरीला अजून काय येतं?" मुलाच्या आईनं, जनकाबाईंनी, तिसऱ्यांदा विचारलं.

"शिवण येतं, विणकाम येतं, सैपाक येतो," केशरबाईंनीही तिसऱ्यांदा तेच सांगितलं आणि या खेपेला वर भरतकाम जोडून दिलं.

करुणा मान खाली घालून बसली होती. भरतकामाचं ऐकून तिला हसू यायला लागलं. तिला जे खरंच येत होतं, ते तोंडातून काढायचं नाही अशी आईची, केशरबाईंची, सक्त ताकीद होती.

हट्टा गावच्या शिवारात केळीचे मळे. घड उतरले की खोडं आणि डागी केळी बांधावर सडत पडायची. करुणा ती आणून दोन मोठ्या डेऱ्यांत भरायची. काळ्या लांबट माश्या तिथं अंडी घालायच्या आणि त्यांच्या अळ्या सगळा सडका माल फस्त करायच्या. पोसलेली अळी कोरडी जागा शोधत आपणहून वर चढते, हे करुणानंच हेरलं होतं. तिनं प्रत्येक डेऱ्याला तिरकी फळी लावली आणि फळीच्या टोकाखाली घमेलं ठेवलं. रोज सकाळी घमेली भरलेली असायची. कोंबड्यांची नुसती चंगळ.

गाव मात्र तिला अळ्यावाली म्हणायचं. गेल्या वर्षी एक स्थळ डेऱ्यात डोकावलं आणि पाण्याला न शिवता उठून गेलं. तेव्हापासून केशरबाईंनी धसकाच घेतला होता. आज त्यांनी पहाटेच डेरे घरामागं, खिडकीखाली नेऊन लपवले. घमेली घासून मांडणीवर ठेवली आणि कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. घर कसं लखलखीत झालं.

त्यात पाहुणे आले ते टेम्पोत. मुलगा रत्नपाल वसमतला केळीची वाहतूक करतो हे ठाऊक होतं, पण पोरगी बघायला माणसं जीप करून येतात. केशरबाईंना ते लागलं. पण मुलीची आई, बोलणार काय?

जनकाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या उठल्या. "बरं, निघतो आमी. एसटीडीवर फोन करून निरोप ठिवू."

करुणाचे वडील जळबा "बसा की बाई अजून जरा" म्हणत उठले आणि खिडकीकडं बघत तसेच उभे राहिले.

खिडकीतून एक तपकिरी अळी आत उतरली. मग दुसरी. मग रांगच लागली. घाईत केशरबाई डेऱ्यांच्या फळ्या काढायला विसरल्या होत्या, आणि फळ्यांची टोकं नेमकी खिडकीला टेकली होती. पाठोपाठ खुराड्यातून निसटलेली एक कोंबडी खिडकीतून थेट पाहुण्यांच्या सतरंजीवर उतरली आणि पोह्यांच्या बशा उडवत अळ्या टिपू लागली.

केशरबाईंनी कपाळाला हात लावला. करुणाला मात्र राहवलं नाही. ती ताडकन उठली.

"आई, घमेलं कुठं ठिवलंस? सगळ्या वाया चालल्या ना!"

रत्नपालनं आपली रिकामी बशी पुढं केली. गुडघ्यांवर बसून तो एकेक अळी तीत उचलूही लागला. करुणानं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि तिला तो फार आवडला.

जनकाबाईंनी फडफडणारी कोंबडी धरली आणि हातावर तोलली. "अडीच किलो बराबर असंल," त्या पुटपुटल्या आणि पुन्हा सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

"बाई, माफ करा," केशरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्यापासून हे समदं बंद करती."

"बंद?" जनकाबाई ओरडल्याच. "अवो, आमच्या घरामागं सडक्या केळीचा हा ढीग लागून राहिला. अळ्यावालीचं घर पुसत पुसत आलो आमी. इथं बघते तर कोंबडी न्हाई, अळी न्हाई. तुमी आपलं शिवण-विणकाम सांगून राहिल्या. मला वाटलं, घरच चुकलं!"

जळबा मोठ्यानं हसले. केशरबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

जनकाबाईंनी खिडकीतून वाकून डेरे बघून घेतले.

"पोरगी येईल लगीन लागल्यावर, सावकाश," त्या म्हणाल्या. "यातला एक डेरा मात्र आजच द्या. रिकामा टेम्पो उगाच आणला व्हय?"